परमुलखातील आजारपण

पुण्यातील आपल्या धर्मग्रामांत आज कितीतरी घरांतील मुलगा वा मुलगी परदेशी स्थायिक आहे. तिकडे बाळंतपण आले, की आईवडील सहा महिन्यांसाठी निघतात. सामानाची यादी चोख होते. विम्याचा विषय मात्र 'एवढे पैसे फुकट कशाला घालवायचे?' या वाक्यापाशी संपतो. शेंगेन देश व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा मागतात. अमेरिका पाहुण्यांच्या व्हिसासाठी तशी अट घालत नाही. अट नाही, म्हणून गरजही नाही, असे आपण मानून चालतो.

अमेरिकेत १९८६च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, त्याची ऐपत न पाहता, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. पण बिल माफ होत नाही, आणि तेथील वृद्धांची मेडिकेअर योजना पाहुण्यांसाठी नाही. इंग्लंडमध्ये अपघात विभागातील उपचार मोफत असतात. पुढे वॉर्डात दाखल केल्यावर परदेशी पाहुण्याला सामान्यतः दीडपट दर पडतो. मग मुलाची वर्षांची बचत काही दिवसांत संपते, आणि आजारी बापाला दुखण्याहून ओशाळेपणच अधिक बोचते.

अशा वेळी 'काय ही निर्दय माणसे!' असे म्हणणे सोपे आहे. परंतु आफ्रिकेतून व पश्चिम आशियातून आपल्या पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी तापाने फणफणला, तर आपण त्याला काय देतो? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य ठरविले. संविधानाचा २१वा अनुच्छेदही 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हणतो. शिवाय ज्या ससून रुग्णालयाचा पुणेकरांना आधार वाटतो, ते १८६७ साली उघडले ते बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याच्या दानातून. परक्याने बांधलेल्या छपराखाली आपण बरे होत आलो आहोत.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण दयेचा म्हणून ऐकतो. तो खर्चाचाही आहे. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी दिली आणि वरचा खर्च परतताना फेडण्याचा शब्द दिला. मालकाने फुकट राबावे, असे तो म्हणाला नाही. मालकानेही पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत जखमीला दाराबाहेर ठेवले नाही. आणि त्या धोक्याच्या वाटेने एकटा का निघालास, असे जखमीला कोणी विचारले नाही.

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. रुग्णाच्या निष्काळजीपणामुळे त्याचा उपचाराचा हक्क बुडत नाही. पण ऐपत असून जो विम्याविना निघतो, तो आपला भार न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. न फेडलेले बिल शेवटी कोणीतरी भरतेच. देवावरील भरवसा हे त्याला कारण होऊ शकत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी विमा घ्यावा, जुन्या आजारांविषयीच्या अटी नीट वाचाव्यात, मधुमेह वा रक्तदाब लपवू नये. आणि आपल्या वस्तीत एखादा परदेशी विद्यार्थी आजारी पडला, तर शेजाऱ्यांनी त्याच्यासोबत रुग्णालयात जावे, अनामत रकमेसाठी वर्गणी काढावी. आपले आईवडील दूरदेशी कोणाच्या तरी दारात असेच परके असतात.