गाळ

सोपारा मुठीमुठीने बुजलं. अपरांताचं, म्हणजे जुन्या कोकणाचं, हे मोठं बंदर ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक खलाशालाही ठाऊक होतं. वैतरणा आणि वसईची खाडी यांना जोडणारी पाण्याची वाट इथून जात होती, म्हणून वसई बेट होतं. अशा वाटेत भरती दोन्ही तोंडांनी आत शिरते. मधे कुठेतरी दोन्ही पाण्यांची गाठ पडते, वेग संपतो, गाळ बसतो. थांबलेलं पाणी आधी आपलं ओझं उतरवतं.

पुढचं माणसाने केलं. बांध घातले, मिठागरं आखली, भातखाचरं काढली. अखेर इमारती उठवल्या.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही त्यांना सापडला. माणसं इथे येत, म्हणून राजाने इथे लेख कोरवला. दगड टिकला, येण्याचं कारण गेलं.

बुजलेल्या जागेचा सातबारा झाला म्हणून जमिनीची उंची वाढत नाही. २०१८च्या जुलैत इथले, नालासोपाऱ्याचे, रूळ पाण्याखाली गेले, गाड्या अडकून पडल्या.

कोरेगावात बसून हे लिहायला कारण आहे. अरबी समुद्र आम्हाला जवळचा, पण मधे सह्याद्री आडवा. आमची माती तीळगंगेतून वसनेत, वसनेतून कृष्णेत उतरते आणि पूर्वेची वाट धरते. अशाच मातीने आंध्रात कृष्णेच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश घडवला. आता वाटेत अलमट्टी धरण आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. गाळ तिथे अडतो, आणि मुखाजवळचा किनारा जागोजागी समुद्र खातो आहे. सोपाऱ्याला माती जास्त झाली, कृष्णेच्या मुखाला ती पुरेना.

किनारा डोंगरउतारावर ठरतो.

२०१६ साली आमच्या तालुक्यातल्या वेळू गावाने जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळवलं. सगळे अडलेल्या पाण्याबद्दल बोलले. मला अडलेली माती अधिक मोलाची वाटते. पाणी पुढच्या मृगात पुन्हा येईल. बोटभर सुपीक थर तयार व्हायला शतकं जातात. धरणातला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना २०१७ साली आली. चांगलीच आहे. पण माती वर चढवायला ट्रॉली आणि डिझेल लागतं, खाली जायला एक वळीव पुरतो.

माती-पाणी अडवायला उतारावर खणलेले चरही गाळाने भरतात. भरले की उन्हाळ्यात ते पुन्हा उकरावे लागतात, बक्षीस नसलेल्या वर्षीसुद्धा. उकरलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची. वर टाकली, तर पहिल्या सरीबरोबर ती परत चरात येते.