प्राक्तन आणि तळमजला

टीबी आहे हे कळल्यावर माणसं गोळ्यांबद्दल नंतर विचारतात, आधी कारण विचारतात. बेडक्यात जंतू सापडले हे मी सांगितलेलं असतं, त्यांना ते पटलेलंही असतं. त्यांचा प्रश्न त्यापुढचा असतो. "मॅडम, पण माझ्याच पोरीला का? तिनं कुणाचं काय वाईट केलं होतं?" मग कुणी स्वतःच उत्तर देऊन टाकतं: प्राक्तन. कुणी म्हणतं, अल्लाची मर्जी. एखादी सासू सुनेकडे न बघता म्हणते, "भोग असतात ज्याचे त्याचे."

मी शिकले आयुर्वेद, नोकरी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात, आणि काम मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये. हा प्रश्न अडाणी आहे असं मला कधीच वाटलं नाही. जगातल्या साधारण एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो आणि त्यांतल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी आजार होतो. ते पाच-दहा जण कोण, हे त्या आईला जाणून घ्यायचं असतं आणि वैद्यकालाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा आहे. त्याच्या सुरुवातीला चंद्राची गोष्ट येते. दक्षाने आपल्या मुली चंद्राला दिल्या, तो एकट्या रोहिणीत रमला, बाकीच्यांकडे त्याने पाठ फिरवली. दक्ष संतापला आणि चंद्र झिजू लागला. शेवटी अश्विनीकुमारांनी त्याला बरं केलं. चूक चंद्राची, रोगही चंद्रालाच, हिशेब चोख. पण गोष्ट संपते आणि संहिता वैद्याच्या भाषेत बोलू लागते. तिथे चार कारणं दिली आहेत: ताकदीबाहेरचे श्रम, मलमूत्रादी वेग दाबून धरणं, धातूंचा क्षय आणि वेळी-अवेळी, कमी-जास्त खाणं. या चारांत पाप कुठेच नाही. जरीच्या कारखान्यात दिवसभर मान मोडून बसणारा आणि रात्री वडापाववर झोपणारा बिहारचा पोरगा मला या यादीत स्पष्ट दिसतो. त्याची रोहिणी मात्र मला सापडत नाही.

7 डिसेंबर 2024 ला सुरू झालेल्या टीबीविरोधी शंभर दिवसांच्या मोहिमेत सरकारने जोखमीचे गट ठरवून दिले. रुग्णाच्या घरातली माणसं, पूर्वी टीबी झालेले, एचआयव्ही असलेले, मधुमेही, साठीपुढचे, उंचीच्या मानाने वजन कमी असलेले, तंबाखू आणि दारू घेणारे. आम्ही हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन गल्लीगल्लीत गेलो. या यादीतल्या दारूवर लोकांची नजर ताबडतोब जाते, कारण तिथे दोष देता येतो. पण भारतात टीबीला सर्वांत जास्त हातभार लावते ती उपासमार, आणि उपाशी माणसाला कशाचा दोष द्यायचा?

झारखंडमध्ये 2019 पासून झालेला एक अभ्यास 2023 मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकांत छापून आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2,800 रुग्णांच्या घरांतल्या 10,345 माणसांवर लक्ष ठेवलं. सगळ्या रुग्णांना शिधा मिळाला. साधारण निम्म्या घरांत मात्र रुग्णाबरोबर घरच्यांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिलं, दुसऱ्याला लागू शकणाऱ्या फुफ्फुसाच्या टीबीचं तर 48 टक्क्यांनी. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही. तूरडाळीने टळू शकतं त्याला मी प्राक्तन कसं म्हणू?

कर्मसिद्धांताची मी टवाळी करत नाही. तो ज्या न्यायबुद्धीतून आला ती मला मोलाची वाटते. आपल्या दार्शनिकांना दोन गोष्टी सहन होत नव्हत्या: केलेलं वाया जाणं आणि न केलेलं भोगावं लागणं. दुसऱ्या दोषाला त्यांनी अकृताभ्यागम म्हटलं. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रश्न येतो, की जगात इतकी विषमता आहे तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर मिळतं, नाही, तो जीवांच्या कर्माप्रमाणे देतो. ईश्वर सुटला. पण त्याला सोडवण्याची किंमत त्या मुलीने मोजली, कारण आता तिच्या आजाराला तिचाच एक न आठवणारा गुन्हा चिकटवावा लागतो.

वस्तीत बौद्ध घरं पुष्कळ आहेत, त्यांच्याशी बोलताना मला संयुत्त निकायातला मोळियसीवक परिव्राजक आठवतो. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, या मताबद्दल त्याने बुद्धांना विचारलं. बुद्धांनी आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, त्यांचं मिश्रण, ऋतूतला बदल, नीट काळजी न घेणं, बाहेरून झालेला घात. आणि कर्म आठवं. सगळं कर्मावर ढकलणारे सत्य सोडून बोलतात, असंही त्यांनी सांगितलं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो चरकाच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय. पांचाल देशात, काम्पिल्य नगरीजवळ, गंगेकाठच्या रानातून आत्रेय पुनर्वसू शिष्यांसोबत फिरत आहेत. अग्निवेश विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगाने जनपदच्या जनपद कसं उद्ध्वस्त होतं? आत्रेय सांगतात, कारण काही गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात: वारा, पाणी, जागा आणि काळ. त्या का बिघडतात? अधर्माने. पूर्वीच्या दुष्कर्माचा उल्लेखही तिथे आहे, तो मी लपवत नाही. पण अधर्माची सुरुवात कुणापासून होते तेही लगेच सांगितलं आहे. देशाचे, नगराचे, जनपदाचे प्रमुख धर्म सोडून प्रजेशी वागतात, त्यांच्या आश्रयाने राहणारे आणि व्यवहारावर जगणारे तो अधर्म वाढवतात. कर्म आहेच, पण ते रुग्णाचं असायला हवं असं इथे कुणी म्हणत नाही.

गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये चालत गेलं की हा अध्याय पायाखाली येतो. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या लोकांना तिथे सात मजली इमारतींत आणून ठेवलं. खोली 225 चौरस फुटांची, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. त्या फटीत वरून कचरा पडतो म्हणून खालच्या मजल्यांवरची माणसं खिडकी बंद ठेवतात. भर दुपारी दिवा लावावा लागतो. क्षयाचा जंतू बंद हवेत तासन् तास तरंगतो, उन्हात आणि वाहत्या वाऱ्यात फार टिकत नाही. अशा पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात ऊन-वाऱ्याचा अभाव आणि टीबी यांचा संबंध दिसून आला आहे. पहिल्या मजल्यावर राहायला येणं हे त्या मुलीचं कर्म नव्हतं. चिठ्ठीत निघालेली खोली होती ती.

तरी काहीतरी उरतंच. एकाच खोलीत, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणींपैकी धाकटीलाच का झाला, ते मला सांगता येत नाही. तेवढ्या जागेत आई प्राक्तन म्हणत असेल तर मी तो शब्द तिच्याकडून काढून घेणार नाही. औषधाचे महिने तिला काढायचे आहेत आणि कशाला तरी धरून काढायचे आहेत. फक्त तो शब्द पोरीच्या कपाळावर लिहिला जात असेल तर मी अडवते. आत्रेयांना अग्निवेशाने पुढे विचारलंच होतं, की आयुष्य ठरलेलं असतं का. त्यांनी गाडीच्या आसाचं उदाहरण दिलं. चांगला आस आपल्या काळाने झिजतो. पण ओझं फार झालं, रस्ता वाईट असला, तर मध्येच मोडतो. सगळंच ठरलेलं असतं तर औषध कुणी दिलं असतं, असंही ते म्हणाले. वाईट रस्ता आसाने बांधलेला नसतो.

रुग्णाच्या खात्यात महिन्याला 1,000 रुपयांच्या हिशेबाने पैसे जमा होतात आणि घरातल्या सगळ्यांच्या चुलीत जातात. निक्षय मित्र म्हणून पुढे आलेला दाता घरच्यांनाही शिधा देऊ शकतो, पण दाता मिळाला तर. हे दान म्हणून दिलं जातं याचा मला त्रास होतो. ज्यांच्या रस्त्यांसाठी ही माणसं हलवली त्यांच्याकडे, म्हणजे त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या माझ्याकडेही, हे त्यांचं येणं आहे. एक रुग्ण निघाला की पूर्ण घराचा शिधा दाता न शोधता सुरू व्हावा. आणि पुनर्वसनाच्या नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना तळमजल्याच्या खोलीत किती तास ऊन येणार आणि वारा कुठून कुठे जाणार, हे लिहायची एक ओळ असावी, खाली मंजुरी देणाऱ्याच्या नावासकट.