चौकटीखालची ओळ

आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीची काच फुटली ती माझ्याच हातून. दारव्ह्याचं घर, दिवाळीची झाडलोट, मी आठवीत. चौकट उघडली तर कमळाच्या खाली, लाकडी पट्टीआड, इंग्रजी ओळ निघाली. साबणाची जाहिरात! आजोबांनी कॅलेंडरच्या तारखा कापून चित्र मढवलं होतं. मी नव्या इंग्रजीच्या तोऱ्यात आजीला सुनावलं, की चाळीस वर्षं तू साबणाची पूजा केलीस. ती म्हणाली, "मले कुठी वाचता येते वं? मी त तिच्याकडेच पाहो."

चित्र रविवर्म्याच्या वळणाचं होतं, चार हात आणि शेजारी हत्ती. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. यंत्रं जर्मन, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. मागोमाग कंपन्या आल्या आणि देवाच्या पायाशी आपलं नाव छापू लागल्या. मँचेस्टरचे कापडवाले तर ताग्यांवरच देवादिकांचे रंगीत छाप चिकटवत. आमच्या भागात ही गोष्ट जरा जास्त झोंबते. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आमची शकुंतला रेल्वे दारव्ह्यावरून जायची. ती घातलीच होती इथला कापूस बाहेर न्यायला. लक्ष्मी गेली ती गाठी भरभरून. परत आली ती कागदावर.

ज्यानं विकण्यासाठी देवी छापली, त्याचा हेतू त्या देवीत उतरतो का? भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथांनी टीका लिहिली त्याच स्कंधात, प्रतिमेचे आठ प्रकार सांगितलेत. त्यात दगड, लाकूड, धातू आहेत, तशी चित्रातली आहे, वाळूची आहे, नुसती मनातलीही आहे. प्रतिमा कोणी आणि कशासाठी घडवली, याची चौकशी त्या यादीत नाही. मूर्तीला स्नान घालावं, पण चित्रासारखी पाण्यानं बिघडणारी प्रतिमा नुसती पुसावी, एवढं मात्र आहे. आजी रोज कोरडं फडकंच फिरवायची. तिला हे कोणी सांगितलं होतं?

म्हणजे देव पाहणाऱ्याच्या नजरेत, असं म्हणून मोकळं व्हावं, तर माझं स्वयंपाकघर आडवं येतं. उदबत्तीच्या पुड्यावर गणपती, कापराच्या डबीवर बालाजी. यांच्याकडे मी भक्तीनं कधी पाहिलेलं नाही, तरी केराच्या टोपलीत टाकवत नाहीत. कात्रीनं देव तेवढा कापून घेते आणि खणात ठेवते. ज्यांचं आवाहनच झालं नाही, त्यांचं विसर्जन कसं करायचं? खण आता लागत नाही.

आजीची लक्ष्मी माझ्याकडे आली. मागच्या वर्षी नवी चौकट करताना कारागिरानं विचारलं, "मॅडम, खालची ओळ झाकून टाकू?" मी नको म्हटलं. झाकणं मला लबाडी वाटली. रोज सकाळी मीही कोरडं फडकं फिरवते. नजर आधी त्या ओळीवर जाते.