अंतर द्यावे, अंतर देऊ नये

सज्जनहो, आपल्या मराठीत ‘अंतर’ हा शब्द मोठा नवलाचा आहे. देवापाशी आपण मागतो काय? ‘देवा, आम्हांस अंतर देऊ नकोस.’ म्हणजे टाकू नकोस, दूर लोटू नकोस. आणि त्याच देवाला राहायला जागा कोणती देतो? तर आपले अंतर, म्हणजे अंतःकरण. शब्द एकच, एके ठिकाणी तो नको असतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावाचून चालत नाही. आज त्याचा तिसरा अर्थ सांगायचा आहे. तो सडकेवरचा आहे. पुढच्या गाडीपासून आपल्या गाडीने राखायचे ते अंतर. कोणी म्हणेल, ‘महाराज, यात परमार्थ कुठला?’ आधी ऐका, मग ठरवा.

कार्तिकी होऊन दोन दिवस झाले होते. पंढरीहून टेंभुर्णीच्या रस्त्याने आम्ही सात जण जीपगाडीतून निघालो. रात्री एका गावी सप्त्यात माझे कीर्तन होते आणि निघायलाच उशीर झालेला. दिवस उसाच्या हंगामाचे. ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, वर ऊस खचाखच, आणि पुष्कळांना मागे दिवा नाही. आमच्यापुढे एक टेम्पो चालला होता. आमचा चालक पोरगा शहाणा. तो बेताने मागे राहून गाडी चालवीत होता. मीच म्हणालो, ‘अरे, किती मागे राहतोस? लोक खोळंबले असतील. घे जवळ.’ पोराने माझा शब्द मोडला नाही.

पुढे अंधारात टेम्पोवाल्याला एकदम उसाची ट्रॉली दिसली. त्याने ब्रेक दाबला. आमच्या पोरानेही दाबला. पण थांबायला जागाच उरली नव्हती. गाडी टेम्पोवर आदळली. पांडुरंगाने जीव राखले, पण आमच्यातल्या एका म्हाताऱ्या माळकरी बाईंचा हात मोडला. वीणेकऱ्याच्या मांडीवरची वीणा फुटली. जी वीणा सप्त्यात सात दिवस भुईला टेकत नाही, तिचा भोपळा माझ्या पायाशी तुकडे होऊन पडला. जमलेले लोक पोराला बोल लावू लागले. तो मान खाली घालून उभा होता, आणि मी गप्प होतो. ते गप्प राहणे मला अजून बोचते. चूक चाक धरणाऱ्याची नव्हती, मागे बसून घाई करणाऱ्या कीर्तनकाराची होती. म्हणून हे लिहितो आहे.

आता साधा हिशेब पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर, म्हणजे छत्तीस-सदतीस हात पुढे जाते. पुढचा थांबला हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात सदतीस हात संपले! त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी, आणखी 20 ते 25 मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे हे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ओल्या सडकेवर, भरलेल्या गाडीला तर आणखीच जास्त.

मग अंतर मोजायचे कसे? टेप घेऊन कोणी उतरत नाही. मोजमाप आपल्या जिभेवर आहे. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी किंवा दगडापाशी गेली की सावकाश म्हणा, ‘रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.’ दुसरे नाम पुरते होण्याआधी तुमची गाडी त्या झाडापाशी आली, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. एवढ्यात साधारण दोन सेकंद जातात, आणि ते कमीत कमी आहे. पाऊस असेल, धुके असेल, रात्र असेल, तर चार वेळा म्हणा. मात्र नाम घाईने म्हणू नका. घाईचे नाम ना देवाला पोचत, ना गाडी थांबवत.

कोणी शंका घेईल, ‘महाराज, जागा सोडली की दुसरा मध्ये शिरतो.’ शिरू द्या, बाबांनो! पुन्हा थोडे मागे व्हा. दहा जण शिरले तरी तुमचे वीस-पंचवीस सेकंद गेले. आणि चिकटून चालल्याने मिळते काय? दहा हातांवर राहिलात काय आणि सत्तर हातांवर राहिलात काय, मुक्कामाला पोचण्यात एखाद-दोन सेकंदांचाच फरक. एवढ्यासाठी वीणा फोडायची?

आता उलट बाजू. आपण अंतर राखले, पण मागचाच अंगावर येतो, कर्णा वाजवतो, दिवे डोळ्यांत मारतो. तेव्हा काय करावे? पैठणास नाथमहाराज गोदास्नान करून निघाले की एक जण त्यांच्या अंगावर थुंकत असे, आणि नाथ न रागावता पुन्हा स्नानाला जात, ही कथा आपण सर्व ऐकत आलो. ती सडकेवर आठवा. मागच्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक दाबू नका. वेगही वाढवू नका. उलट पुढच्या गाडीपासून अंतर आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला एकदम थांबावे लागणार नाही आणि तोही तुमच्यावर आदळणार नाही. जागा मिळताच इशारा देऊन डावीकडे व्हा, त्याला जाऊ द्या. तो गेला म्हणजे तुम्ही हरला नाहीत, दोघेही वाचलात.

आणि पायी वारीचे काय? 2019 साली कार्तिक महिन्यात दिवे घाटात एका जेसीबी यंत्राचे ब्रेक निकामी झाले, ते चालत्या दिंडीत शिरले, दोन वारकरी गेले. पुढे माणसे चालताना मागून येणाऱ्याने किती लांब राहावे, हे त्या घाटाने शिकवले आहे. दिंडीचे सामान वाहणाऱ्या आपल्याच ट्रक-टेम्पोंनी हे आधी पाळावे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, नुसत्या ब्रेकवर विसंबू नये. अंधारात चालणाऱ्यांनी शेवटच्या माणसाच्या हाती दिवा द्यावा.

वारीची शिस्त तरी दुसरे काय शिकवते? माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात. ज्याची त्याची जागा ठरलेली. मागची दिंडी पुढचीला रेटत नाही, म्हणून टाळाचा ठेका मोडत नाही. समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की हजारो माणसे जागच्या जागी शांत होतात. पायी चालणाऱ्याला हे साधते. चाकावरच्याला साधायचे तर आधीच जागा सोडून ठेवावी लागते.

त्या पोराच्या घरी मी पुढे गेलो. त्याच्या आईसमोर सांगितले, चूक माझी होती. तो नुसता हसला. आता त्याच्याच गाडीतून जातो. मात्र पुढे बसून बोलतो एवढेच, ‘रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.’ तो गाडी मागे घेतो.

माउली हो, पुढच्या गाडीत कोण बसले आहे? कोणाची आई, कोणाचे लेकरू. त्यांच्यात देव आहे असे आपण म्हणतो ना? तर मग गाडीला अंतर द्या, म्हणजे माणसाला अंतर दिल्यासारखे होणार नाही.

रामकृष्णहरी!