कर्ता कुठं गेला?

वस्तीतली सातवीची पोरगी इंग्रजीचा गृहपाठ घेऊन आली. वरच्या ओळीत ॲक्टिव्ह व्हॉइस, खाली पॅसिव्ह करायचा. 'राम किल्स अ स्नेक.' राम साप मारतो. तिनं बरोबर उलटवलं: 'अ स्नेक इज किल्ड बाय राम.' मग विचारलं, "दादा, 'बाय राम' गाळलं तर चालतं का? मार्क जात नाहीत म्हणे."

मार्क जात नाहीत, हे खरं आहे. मग जातं ते काय?

इंग्रजी व्याकरण सांगतं: करणारा माहीत नसेल, सगळ्यांना ठाऊकच असेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तर 'बाय' आणि पुढचं नाव गाळावं. नियम साधा आहे, पोरांना पाठ होतो. पण करणाऱ्याला महत्त्व नाही हे ठरवायचं कुणी? इथं व्याकरण संपतं आणि नीतीचा प्रश्न सुरू होतो. शंबूक मारला गेला. वाक्य पूर्ण आहे, पूर्णविरामही आहे. 'बाय राम' तेवढं नाही. गृहपाठात साप येतो, शंबूक येत नाही. तरी पाठ व्हायचा तो होतोच.

आणि एक गंमत बघा. पॅसिव्हमध्ये साप सब्जेक्ट होतो, वाक्यात पहिल्या जागेवर बसतो. पण मार खाणं काही सुटत नाही. राखीव जागेवरच्या सरपंचाला खुर्ची द्यायची आणि ग्रामपंचायत दुसऱ्याच वाड्यावरून चालवायची, तसलाच हा प्रकार. पुढं बसला म्हणून कुणी करणारा होत नाही.

शाळेत शिकवतात, ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. हे जुळत नाही. 'रामाने रावण मारला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद रावणाप्रमाणे चालतं. इंग्रजीत तेच वाक्य सरळ ॲक्टिव्ह. मराठीचा कर्ता कर्मणीतही 'ने' लावून उघडा उभा राहतो. मग मराठीत तो लपतो कुठं? 'वस्ती जळाली' आणि 'वस्ती जाळली' ही दोन वाक्यं शेजारी लिहा. ळ चा काना उचलून ज ला लावला, एवढाच फरक. पण पहिल्या वाक्यात आग आपली आपण लागते, दुसऱ्यात कुणाच्या तरी हातात काडी आहे. मेला, मारला. तुटला, तोडला. एका कान्याच्या, एका मात्रेच्या जागेवर गुन्हेगार सुटतो.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले. 'गोळीबार झाला, दहा ठार झाले.' पाऊस झाला, तसा गोळीबार झाला. गोळ्या राज्य राखीव पोलीस दलानं झाडल्या. हे एवढं बोललं की लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात: हुकूम कुणी दिला, का दिला? कर्ता गाळला की प्रश्नच गाळले जातात. गटारात माणसं मरतात तेव्हाही हेच. 'गुदमरून मृत्यू.' गुदमरवलं कुणी? खाली उतरवणारा मुकादम, ठेकेदार, नगरपालिका, कुणीच वाक्यात नसतं. २०१३ चा कायदा मात्र नेमकं त्यालाच धरतो, माणसाला असल्या जीवघेण्या कामाला लावणाऱ्याला. कायदा कर्ता शोधतो, बातमी त्याला पुसते.

म्हणून पोलीस ठाण्यात आपल्या माणसाबरोबर जाल तेव्हा सातवीचं व्याकरण डोक्यात ठेवा. सगळ्या गावाला नावं माहीत असतात आणि कागदावर उतरतं, 'अज्ञात इसमांनी'. नाहीतर 'बाचाबाची होऊन मारहाण झाली'. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलंय: तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची. तर वाचायला लावा. प्रत्येक क्रियापदाला विचारा: कुणी? नाव घेणाऱ्याला गावात राहायचं असतं, त्याचं भय खोटं नाही. त्याला भेकड म्हणू नका. त्याच्याबरोबर उभे राहा, म्हणजे त्याला नाव घेता येईल.

मग पॅसिव्ह म्हणजे नुसती लबाडी म्हणायची का? नाही. संविधानाचं सतरावं कलम इंग्रजीत उघडून बघा. अस्पृश्यता नष्ट झाली आहे, तिचं आचरण निषिद्ध आहे, ही दोन्ही क्रियापदं पॅसिव्हमध्ये आहेत. 'बाय' कुठंच नाही. आणि ते बरंच आहे. तिथं कुणाचं नाव असतं तर आपली माणुसकी त्याचा उपकार ठरली असती. अमक्यानं दिली, तर उद्या तमका परत घेईल. करणारा हवाच असेल तर उद्देशिकेत आहे: आम्ही, भारताचे लोक. तिथं वाक्य ॲक्टिव्ह आहे. आणि १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा गुन्हे मोजायला लागतो तो 'जो कोणी' म्हणून, करणाऱ्याला समोर उभा करून. म्हणजे वाईट पॅसिव्ह नव्हे. उपकाराचा मालक गाळणं वेगळं, गुन्ह्याचा मालक गाळणं वेगळं. गाळल्यामुळं कोण वाचतो, तेवढं तपासा.

आता दोस्तहो, बोट स्वतःकडं वळवू. '१९७४ साली पँथर फुटली.' मडक्यासारखी आपोआप फुटली काय? फोडली, हे क्रियापद आपल्या तोंडात का येत नाही? आपल्या अहवालात 'ठराव करण्यात आला', 'निधी खर्च करण्यात आला'. कुणी केला? आणि रात्री घरी गेल्यावर आपण विचारतो, "जेवण झालं का?" जेवण होत नसतं. कुणीतरी ते दिवसभर राबून करतं. तिचं नाव आपल्या वाक्यात कुठं आहे? समाजाकडं कर्ता मागायचा आणि चुलीपुढचा कर्ता गाळायचा, हा बाबासाहेबांचा रस्ता नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं 'पाणी प्यायलं गेलं' नाही. त्यांनी ओंजळ भरली, ते प्याले. मागून हजारो प्याले.

पोरीला म्हटलं, "मार्क जात नाहीत. तरी ज्यानं केलं त्याचं नाव माहीत असेल तर लिही."

तिनं 'बाय राम' तसंच ठेवलं आणि पुढचं वाक्य सोडवायला घेतलं.