बुड गं बाई!

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) मी किती वेळा पाहिला, हे आमच्या सौ.ला विचारू नका. ती आकडा वाढवून सांगते. लोक त्यातल्या न्हाणीघरातल्या खुनाला घाबरतात. मी घाबरतो ते नंतरच्या मोटारीला.

साहेबांनी बँकेत ठेवायला दिलेले ४०,००० डॉलर घेऊन कचेरीतली बाई पळते. तिचा खून होतो. नॉर्मन बेट्स प्रेत डिकीत घालतो, पेपरात गुंडाळलेले पैसेही (त्याला पत्ता नाही!), अन् गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. माझ्या तोंडून दर खेपेस निघते, “बुड गं बाई, एकदाची!”

आता बघा, कॅशमध्ये दोन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी न जाणारा मी माणूस. इथे प्रेत, पुरावा आणि न भरलेली रोकड बुडावी म्हणून देव पाण्यात घालून बसतो! पहिल्या खेपेला बिचाऱ्या पोराची कीव आली म्हणावे, तर आता शेवट पाठ आहे. तरी श्वास अडकतोच. मग माझी सचोटी कॅशच्या पिंजऱ्यापुरतीच की काय?

परवा गाडी बुडाली, तेव्हा माझ्याबरोबर आणखी एक सुस्कारा ऐकू आला. दारात सौ. उभी होती, हातात उलथने.