त्याचं नाक, आपलं नाक

रापण ओढून झाली की चांगली मासळी टोपल्यांतून निघून जाते आणि नको असलेली बारीकसारीक वाळूतच राहते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या हंगामात हे नेहमीचं. दोन दिवसांच्या उन्हात त्या तारल्या-पेडव्यांना असा दर्प सुटतो की माणूस नाकाला रुमाल लावून लांबून वळसा घालतो. कुत्रा मात्र वाट सोडून नेमका तिकडेच जातो.

त्या वेळी त्याला ओरडण्याआधी क्षणभर नुसतं बघावं. धावता धावता तो एकदम थबकतो. नाक खाली जातं आणि भराभर हुंगणं सुरू होतं. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने एक चीर असते. उच्छ्वास तिथून मागे सोडला जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि हुंगण्यात खंड पडत नाही. मग एक पुढचा खांदा हळूच खाली झुकतो. गाल, कानामागचा भाग आणि मान त्या मासळीवर दाबून तो पुढे सरकतो. त्यानंतर पूर्ण उताणा होतो, चारही पाय वर, पाठ डावीकडे-उजवीकडे घुसळत, घशातून समाधानाचा घुरघुराट. उठतो, पुन्हा हुंगतो आणि राहिलेला दुसरा खांदा टेकवतो. यात गडबड नाही, वेडेपणा नाही. सवाष्णीने हळदीकुंकवाला निघण्याआधी अत्तराचा फाया कानामागे, मनगटावर फिरवावा, तितक्या नेमकेपणाने तो मानेला आणि खांद्याला वास लावून घेतो.

हे असं का? सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उत्तर शिकारीचं आहे: अंगाचा मूळ वास झाकला की सावजाला चाहूल लागत नाही. ऐकायला पटतं, पण तपासून पाहिलं तर डळमळतं. 1986 साली कॅनडातल्या एका संशोधन-पत्रिकेत बंदिस्त कळपांतल्या लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लांडग्यांसमोर निरनिराळे वास ठेवले होते. ज्या गवत खाणाऱ्या प्राण्यांची शिकार करायची, त्यांच्या वासात लोळण्यात लांडग्यांनी फारसा रस दाखवला नाही. त्यांनी अंग घासलं ते इतर मांसाहारी प्राण्यांच्या वासावर आणि माणसाने बनवलेल्या सेंट आणि इंजिन ऑइलवर. अंगाला अस्वलाचा किंवा इंजिन ऑइलचा वास लावून हरणाला फसवता येत नाही.

मला जास्त पटतं ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ‘वुल्फ पार्क’मध्ये लांडग्यांचं अनेक वर्षं निरीक्षण करणाऱ्या पॅट गुडमन यांचं म्हणणं. लांडगा नवा वास अंगावर घेऊन कळपात परततो तेव्हा बाकीचे त्याला गाठतात, त्याची मान, खांदे हुंगतात, आणि कधीकधी त्या वासाचा माग काढत मूळ जागेपर्यंत जातात. म्हणजे तो वास ही कळपासाठी आणलेली खबर आहे. ती तोंडाने सांगायची सोय नाही, म्हणून अंगावर आणायची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची कुत्री सरमा पणी नावाच्या शत्रूंनी लपवलेल्या गायींचा माग काढत रसा नदी ओलांडून जाते, आणि तिथे ती दूती म्हणून बोलते. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कवीने दूताचं काम एका कुत्रीवर सोपवलं, हे मला आता योगायोगाचं वाटत नाही.

तिसरी एक नोंद कॅलिफोर्नियातली आहे. तिथल्या राखाडी कोल्ह्यांनी प्यूमाच्या मूत्राने खूण केलेल्या जागी गाल घासल्याचं जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलं. मोठ्या शिकाऱ्याचा वास अंगावर असला तर आपल्याहून बलवान कायोटी जरा लांब राहत असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. यातलं एकच कारण खरं आणि बाकी खोटी, असं समजायचं कारण नाही. शिवाय त्या उताण्या पाठीकडे आणि मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिल्यावर आणखी एक गोष्ट उघड दिसते, ती आनंदाची. शास्त्रात तिला वेगळं नाव असेल-नसेल, आपण ती मान्य करायला हवी.

आपली अडचण इथेच होते. हा आनंद आपल्याला घाणेरडा वाटतो. पण घाण कशाला म्हणायचं हे ठरवतं कोण? मोगऱ्याच्या गजऱ्याला जो धुंद करणारा सुगंध असतो, त्यात इंडोल नावाचं रसायन असतं. तेच इंडोल विष्ठेतही असतं. अगदी थोडं असलं तर फूल, जास्त झालं तर शौचकूप. अत्तरांच्या दुनियेत शतकानुशतकं मानाने मिरवलेली कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून येते, आणि अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. या अंबरालाच ‘व्हेलची उलटी’ म्हणतात. त्याच्या व्यापारावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरी तस्करीत कोणी पकडला गेल्याच्या बातम्या कोकणात येतच असतात. कोट्यवधी रुपये मोजून जनावराच्या पोटातलं अंगाला लावणाऱ्या माणसाने फुकटची तारली अंगाला लावणाऱ्या कुत्र्याकडे पाहून नाक मुरडावं, हे काही न्यायाचं नाही. किळस आपण जन्मताना बरोबर आणत नाही. रांगतं मूल शीतही हात घालतं, आणि ‘छी, घाण!’ हे आई-आजीच्या तोंडून ऐकत ऐकत शिकतं. कुत्र्याला ती शिकवण कोणीच दिलेली नाही.

म्हणून त्याला तसंच घरात घ्यावं का? मुळीच नाही. आपण त्याच्यासोबत एका छपराखाली राहतो आणि आपल्या नाकालाही हक्क आहे. आणि प्रश्न फक्त वासाचा नाही. कुजलेल्या मासळीतला काटा गिळला तर घशात अडकतो. विष घालून मारलेला उंदीर नुसता अंगालाच लागतो असं नाही, तो तोंडातही जाऊ शकतो. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि तो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. कुत्र्याची लस दरवर्षी वेळेवर द्यावी, आणि अशा वेळी त्याला धुताना आपल्या हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत.

रागावणं मात्र टाळावं, आणि ते सर्वांत कठीण आहे. तुम्ही हाक मारली, तो मासळीतून उठून शेपूट हलवत धावत आला. आता त्याच्या पाठीत धपाटा बसला, तर त्याच्या हिशेबात शिक्षा लोळण्याची नसते, हाकेला ओ देऊन आल्याची असते. पुढच्या वेळी तो लांबच उभा राहील, आणि कधीतरी रस्त्यावरून गाडी येत असताना तुमची हाक त्याने ऐकणं फार गरजेचं असेल. ‘खंय लोळान इलंस रे मेल्या?’ असं म्हणावं खुशाल, पण आवाजात माया ठेवून.

अडवायचं असेल तर लोळण्याच्या आधी अडवायचं. ती वेळ वर सांगितली तीच: नाक खाली आणि खांदा झुकायच्या बेतात. तेव्हाच ‘चल’ म्हणून हाक द्यावी आणि आला की सुकटीचा नाही तर सुक्या बोंबलाचा छोटा तुकडा द्यावा. मासळीच्या वासाशी झुंजायला बिस्कीट पुरत नाही. हे रोज घरी, अंगणात, कसलाही मोह समोर नसताना घोटून घ्यावं लागतं. तोवर किनाऱ्यावर आणि उकिरड्याजवळ पट्टा हातातून सोडू नये.

आणि लोळून आलाच, तर लगेच नळाखाली धरू नये. पाणी पडलं की ती घाण खालच्या मऊ केसांत उतरते. आधी जुन्या फडक्याने किंवा कागदाने जेवढं निघेल तेवढं कोरडंच काढून घ्यावं. गळ्यातला पट्टा काढून वेगळा धुवावा. अर्धा वास बहुतेक वेळा त्यातच दडलेला असतो. मग कोमट पाणी आणि कुत्र्यांसाठी बनवलेला शाम्पू. माणसाचा नको, कारण कुत्र्याची कातडी वेगळी. फिनेल किंवा लादी पुसायचं जंतुनाशक तर चुकूनही नको, ते चाटलं तर विषबाधा होते. मासळीच्या वासामागे अमाइन जातीची द्रव्यं असतात आणि आंबटाने ती मवाळ होतात, मासे धुताना बायका लिंबू चोळतात ते यासाठीच. कुत्र्यासाठी मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटी अंगावरून ओतावं, डोळे आणि जखमा सांभाळून. तीव्र सुवासाचा शाम्पू घेऊ नये. लांडग्यांनाही सेंटमध्ये लोळावंसं वाटलं होतं, आणि आपल्याला आवडणारा गुलाब त्याच्या नाकाला किती भडक लागत असेल, याचा आपल्याला अंदाज करता येत नाही. पावसाळ्यात अंग नीट कोरडं करावं, नाहीतर कातडीला बुरशी धरते.

सगळं झाल्यावर तो पुन्हा जमिनीवर लोळायला पाहील. अंगावरचा परका वास काढून स्वतःचा परत मिळवायची ती धडपड असावी. तेव्हा पायरीशी एखादं स्वच्छ गोणपाट अंथरून ठेवावं आणि त्यावर त्याला हवं तितकं लोळू द्यावं.